अक्षर मोठे हवे की स्वच्छ?

माझी बहीण नरडाण्याला असते. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे सोडून शिरपूरकडे निघाले की लागणारे हे गाव. सुरत-भुसावळ मार्गावरचे रेल्वे स्टेशन, जवळच एमआयडीसी. तिच्या घरी गेल्या वर्षी जुना डेस्कटॉप संगणक आला. सीपीयू धुळ्याहून, साडेएकवीस इंची मॉनिटर शिरपूरहून, दोन्ही सेकंडहँड. भाची त्यावर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरते आणि दुल्हेभाई संध्याकाळी उर्दू बातम्या वाचतात.

ईदला गेलो तर भाची हिरमुसलेली. "मामू, फॉर्म वापस आ गया. अब्बा के नाम में एक हर्फ कम पड गया." वडिलांच्या नावातले जोडाक्षर फॉर्ममध्ये एकेरी पडले होते. दाखल्यावर एक नाव, फॉर्मवर दुसरे. पाठवण्याआधी पोरीने दोनदा वाचले होते. मी म्हटले, तो फॉर्म पडद्यावर उघड बघू.

उघडल्यावर तिचा दोष वाटेना. अक्षरे बोटाएवढी मोठी होती, पण कडा धुरकट. गोल 'ठ' अंड्यासारखा आडवा पसरलेला. सेटिंगमध्ये पाहिले तर रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वर ठेवलेले, आणि मॉनिटर मुळात १९२० × १०८० चा. दुल्हेभाई म्हणाले, "मीच केले. बारीक दिसत होते."

त्यांचे चुकले असे तरी कसे म्हणावे? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे हेच शिकलो. तेव्हाचे मॉनिटर पाठीमागे पोट असलेले, काचेच्या नळीचे. त्यात चित्र किरणांनी रंगवले जाई. ८००-६०० ठेवा नाहीतर १०२४-७६८, नळी बऱ्यापैकी निभावून नेई. कॉम्प्युटर क्लासमधले सर डोळ्यांना त्रास होतो म्हणणाऱ्याला रिझोल्यूशन कमी करून देत, आणि ते बरोबरच होते.

आजचा सपाट पडदा वेगळा. त्यात ठिपके कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. १९२० × १०८० म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण वीस लाखांहून जास्त. त्यांची संख्या नंतर बदलत नाही. तुम्ही १०२४ × ७६८ निवडले की संगणक पावणेआठ लाखांच्या आसपास ठिपक्यांचे चित्र पाठवतो आणि ते वीस लाखांवर ताणून बसवावे लागते. आडवा ताण जवळजवळ १.९ पट, उभा १.४ पट. एका ठिपक्याच्या वाट्याला पावणेदोन-दोन ठिपके आले की मधले अर्धे काळे, अर्धे पांढरे रंगवावे लागतात. तोच तो धूर. म्हणून पहिली गोष्ट अशी की सपाट मॉनिटर नेहमी त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर ठेवावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलेले असते.

इंग्रजी वाचणाऱ्याचे अशा धुरातही भागून जाते. आपले भागत नाही. मराठी अक्षराला वर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये अर्धी अक्षरे दाटीवाटीने. आपल्या घरातली नावेच बघा. तबस्सुम, मुनव्वर, मुजम्मिल, अब्दुर्रहमान. एक बारीक दांडी बुजली की तबस्सुमची तबसुम होते, आणि पुढे प्रत्येक कागदावर ते निस्तरत बसावे लागते. विंडोजमध्ये मराठीसाठी वर्षानुवर्षे वापरात असलेला 'मंगल' हा फॉन्ट आपल्या महाराष्ट्रातल्या र. कृ. जोशी यांनी घडवला. मोजक्या ठिपक्यांत देवनागरी बसवायची हे सुलेखनकाराचे काम. पण मुळातले ठिपकेच पुसट झाले तर तो तरी काय करणार?

उर्दूचे तर आणखी नाजूक. जीम, चे, हे, खे यांचे अंग एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. एकाच्या खाली एक, दुसऱ्याच्या खाली तीन, तिसऱ्याला काहीच नाही, चौथ्याच्या वर एक. शिवाय नस्तालीक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो, त्यामुळे ओळीला उंची फार लागते आणि अक्षर त्या मानाने लहान राहते. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातानेच लिहिली जात. ती नजाकत पडद्यावर हवी तर ठिपके भरपूर आणि स्वच्छ लागतात.

मग दुल्हेभाईंच्या डोळ्यांचे काय? त्याच सेटिंगमध्ये 'स्केल' नावाचा वेगळा पर्याय आहे. रिझोल्यूशन १९२० × १०८० केले आणि स्केल १२५ टक्के. अक्षर मोठे झाले, तरी प्रत्येक ठिपका आपापल्या जागी. त्यांना अजून लहान वाटले, म्हणून १५० केले. फक्त एकच पान मोठे हवे असेल तर ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचे चिन्ह दाबायचे. भाचीला १२५ पुरते. विंडोजमध्ये दोघांची वेगवेगळी खाती केली की रोजचे भांडण मिटते.

नवा मॉनिटर घेणार असाल तर फक्त इंच विचारू नका. इंचामागे किती ठिपके, हे विचारा. २४ इंची १९२० × १०८० मध्ये इंचाला ९२ बसतात, साडेएकवीस इंचीत १०२. घरच्या वाचन-लेखनाला एवढे पुरेसे. तेच रिझोल्यूशन २७ इंचीत घेतले तर ८२ उरतात. दुकानदार मोठा पडदा स्वस्तात देतो तो बहुधा हाच. २७ इंचीच हवा असेल तर २५६० × १४४० घ्या, मग १०९ मिळतात. ३८४० × २१६०, म्हणजे फोर-के, २७ इंचीत १६३ देतो. त्यावर उर्दू छापल्यासारखी दिसते, पण जुना संगणक तेवढे चित्र पाठवू शकतो का ते आधी पाहावे लागते. अनेक जुन्या मशीनमध्ये एचडीएमआयमधून फोर-के गेले तरी सेकंदाला तीसच चित्रे जातात आणि माउसचा बाण अडखळत चालतो. जुना साडेअठरा इंची १३६६ × ७६८ घरात असेल तर टाकून देऊ नका. अक्षर वाचता येते, पडद्यावर जागा तेवढी कमी.

टीव्हीला मात्र माझा ठाम नकार. बत्तीस इंची एचडी-रेडी टीव्ही बहुतेक १३६६ × ७६८ चाच असतो, म्हणजे इंचाला जेमतेम ४९ ठिपके. पलंगावरून सिनेमा बघायला ठीक. हातभर अंतरावरून फॉर्म भरायला नाही.

केबलचेही बघा. निळ्या टोकाची जुनी व्हीजीए केबल ॲनालॉग असते, रिझोल्यूशन बरोबर असूनही अक्षर थरथरते किंवा सावली पडते. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर तीच लावा. नसेल तर मॉनिटरवरचे 'ऑटो' बटण दाबून बघा. आणि एवढे करूनही दिसत नसेल तर दोष पडद्याचा नाही. चाळिशीनंतर एकदा डोळे तपासून घ्यावेत. दुल्हेभाईंनी ते अजून केलेले नाही.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर दोन पाने न्या, एक जोडाक्षरांच्या मराठीचे, एक नस्तालीक उर्दूचे. दुकानदार मॉनिटरवर फुलांचे आणि समुद्राचे व्हिडिओ लावतो, ते सगळ्यांवर छानच दिसतात. आपली पाने लावायला सांगा आणि खुर्चीत बसून, घरी जेवढ्या अंतरावर बसता तेवढ्यावरून वाचा.

भाचीने फॉर्म त्याच रात्री पुन्हा भरला. पाठवण्याआधी अब्बांना जवळ बसवून त्यांचे नाव त्यांच्याकडूनच वाचून घेतले. त्यांनी वाचले आणि पत्त्यातली 'शिंदखेडा'वरची एक हुकलेली अनुस्वाराची टिंबही दाखवून दिली.