सुईचे मोल आणि थांबलेले यंत्र

सुरतेत कृत्रिम धाग्यांच्या साड्यांवर भरतकाम करणाऱ्या संगणकीकृत यंत्रांत अनेक हेड एकत्रच चालतात. त्यामुळे एका हेडची सुई तुटली की सर्वांचे काम थांबते. समजा, २० हेडच्या यंत्राचे प्रत्येक हेड मिनिटाला ८०० टाके घालते. सुई बदलण्यात पाच मिनिटे गेली, तर ८०,००० टाके बुडतात. जॉबवर्कचा मोबदला टाक्यांवर ठरतो, म्हणून खरा संधी खर्च हा आहे; सुईची किंमत त्यापुढे नगण्य होय.

सुई बहुधा आधी वाकते, मग तुटते. टाक्यांची अतिदाटी, धाग्याचा फाजील ताण किंवा सैल ताणलेले कापड तिला बाजूस ओढते आणि ती हुकावर आदळते. ७५ क्रमांकाची, म्हणजे ०.७५ मिलिमीटर जाडीची सुई जाड कापडाला पुरत नाही. तेथे ९० क्रमांकाची घ्यावी. दाट नक्षीवर वेग उतरवावा. मात्र उत्पादनावर मजुरी मिळवणारा कारागीर त्यास सहजी राजी होत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. देखभालीचा वेळ मजुरीत धरला गेला पाहिजे. उडालेला तुकडा डोळ्यास इजा करू शकतो, म्हणून चष्मा आवश्यक. यंत्र पुन्हा चालवण्यापूर्वी सर्व तुकडे शोधावेत, कारण हुकात अडकलेल्या टोकावर नवी सुईही तुटते.