प्रसूती रजा कधीपासून घ्यावी? आधी २६ आठवड्यांचे गणित समजून घ्या

डोहाळजेवण झाले की घरात एकच विषय सुरू होतो. सासूबाई म्हणतात, ‘आता घरी बस.’ आई म्हणते, ‘आठव्यातच माहेरी ये.’ ऑफिसात साहेब विचारतात, ‘रजा कधीपासून?’ उत्तर ठरवण्यापूर्वी रजेचा हिशेब आणि डॉक्टरांचा सल्ला, दोन्ही हाताशी हवेत.

नियम काय आहे?
२०१७च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. अट एवढीच की, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले हवे. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात.

गणित कुठे चुकते?
पूर्ण ८ आठवडे आधी घेतले तर बाळासाठी १८ उरतात. म्हणजे बाळ चार महिन्यांचे होताच आईला कामावर हजर व्हावे लागते. दोनच आठवडे आधी घेतले तर २४ उरतात. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, असे डॉक्टर सांगतात. त्यामुळे आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतर कमी होतो, हे लक्षात ठेवा.

मग शेवटपर्यंत काम करायचे का?
तब्येत उत्तम असेल, काम बैठे असेल आणि प्रवास थोडा असेल, तर अनेकींना नवव्या महिन्यापर्यंत काम जमते. मात्र जुळी बाळे, वाढलेला रक्तदाब, खाली असलेली वार किंवा आधीची अपुऱ्या दिवसांची प्रसूती असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा थांबा. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही जाणवले तर लगेच रुग्णालय गाठा.

या दोन सोयी माहीत आहेत?
पहिली : अपेक्षित तारखेच्या साधारण १० आठवडे आधीपासून कष्टाचे किंवा बराच वेळ उभे राहण्याचे काम नको, अशी मागणी तुम्ही करू शकता. दुसरी : गरोदरपणामुळे आजारपण आले तर वैद्यकीय प्रमाणपत्रावर एक महिन्यापर्यंतची जादा पगारी रजा मिळते. ती २६ आठवड्यांतून कापली जात नाही. त्यामुळे आजारपणासाठी प्रसूती रजा खर्च करण्याआधी या रजेची चौकशी करा.

अर्ज कसा करावा?
रजा सुरू होण्याची तारीख लिहून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गरोदरपणाचा दाखला दिल्यावर प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ मिळते.

शेतमजूर, घरकामगार महिलांना ही पगारी रजा मिळत नाही. पहिल्या अपत्यासाठी त्यांना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये मिळू शकतात. त्यासाठी अंगणवाडी किंवा आशा सेविकेकडे लवकर नोंदणी करा.