रिकाम्या हातांचे दुखणे

दसरा झाला की आमच्या नेकनूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्याआधी दवाखान्यात गर्दी होते. कोणी रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर नेण्यासाठी येते, कोणी लेकरांना दाखवण्यासाठी. काही वर्षांपूर्वी अशाच गर्दीत एक माऊली चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा धडधाकट, हसतमुख. पण बोलणे तुटक आणि हिशेब येत नाही. त्याच्या फिटच्या गोळ्या घेऊन निघताना ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी हाय तवर हाय. माझ्या माघारी ह्याचं काय व्हईल?" या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवर लिहिता येण्याजोगे नव्हते. आजचा लेख त्याच प्रश्नासाठी आहे.

पूर्वी ज्याला आपण मतिमंदत्व म्हणत असू, त्यास आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. हे वेड नव्हे, की कोणाच्या पापाचे फळही नव्हे. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा बालपणी मेंदूच्या वाढीत अडथळा आल्याने समज आणि रोजचे व्यवहार मागे राहतात. गोळीने ही स्थिती बरी होत नाही. परंतु अशा व्यक्ती शिकू शकतात, मात्र सावकाश आणि पुन्हापुन्हा करून. बहुतेकांची अक्षमता सौम्य असते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

अठरा वर्षांनंतर शाळा सुटते आणि मुलगा ओसरीवर बसतो. मग वजन वाढते, दिवसा झोप आणि रात्री जागरण होते, चिडचिड वाढते, शिकलेलेही विसरते. घरचे आमच्याकडे 'शांत राहण्याची गोळी' मागतात. तपासावे तर पुष्कळदा दुखणे एवढेच असते की, दिवसभर हातांना काम नाही.

महाराष्ट्रात या मुलांसाठी प्रयत्न फार जुने आहेत. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली, पुण्यात १९६४ साली कामायनी. शाळेनंतरच्या मुलांसाठी अशा संस्थांनी कार्यशाळा काढल्या. पुढे विचार आणखी सरकला. या व्यक्तींनी चारचौघांत, खऱ्या गिऱ्हाइकांसमोर काम का करू नये? मुंबईत जुहूला २०१८ साली सुरू झालेल्या 'कॅफे अर्पण' या उपाहारगृहात बौद्धिक अक्षमता व आत्ममग्नता असलेले तरुण-तरुणी पगारी काम करू लागले.

आपण म्हणाल, ते मुंबईचे झाले. पण यातील युक्ती गावातही चालते. 'याला दुकान सांभाळता येईल का?' असे विचारू नये. दुकानातील कामाचे तुकडे करावेत आणि त्यातला कोणता तुकडा याला जमेल ते पाहावे. शिकवायचे ते प्रत्यक्ष कामाच्या जागी. सुरुवातीला एक ओळखीचा माणूस सोबत असावा आणि मुलगा सरावला की त्याने हळूहळू बाजूला व्हावे.

वर सांगितलेल्या मुलासाठी मी बाजारपेठेतील एका किराणा दुकानदाराला गळ घातली. काम साखरेच्या पुड्या भरण्याचे. पहिल्या आठवड्यात त्याने साखरेत मीठ मिसळले आणि मालक वैतागला. मग साखरेच्या डब्याला लाल फडके बांधले, काट्याचे आकडे वाचता येत नाहीत म्हणून एक किलोच्या मापाला खूण केली. रोज दोन तास. महिनाभर आजी शेजारी बसली, नंतर तिची गरज उरली नाही. आई यंदाही तोडीला गेली, पण मुलगा आजीजवळ राहिला आहे आणि सकाळी स्वतःच तयार होऊन बसतो.

कामावर पाठवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. ऐकू कमी येणारा मुलगा 'ऐकत नाही' म्हणून बोलणी खातो, म्हणून कान व डोळे पाहावेत. डाऊन सिंड्रोम असल्यास थायरॉईड व हृदयही तपासावे. फिट येत असतील तर गोळी एक दिवसही चुकवू नये. तसेच विहीर, भट्टी, कडबाकुट्टीचे यंत्र यांजवळचे काम देऊ नये.

दाखल्याकडे दुर्लक्ष नको. बीडच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र घ्यावे. अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करून घेतलेला बौद्धिक अक्षमतेचा दाखला कायमचा असतो. १९९५ च्या कायद्यात नोकरीतील राखीव जागांत या मुलांना स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा ठेवल्या. त्यांतील १ टक्का बौद्धिक अक्षमता, आत्ममग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांसाठी मिळून आहे. त्यासाठी अक्षमता किमान ४० टक्के असावी लागते. जागा थोड्या आहेत, पण दाखल्यावाचून त्याही नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'घरच्यासारखा आहे' म्हणून अशा मुलाला नुसत्या जेवणावर दिवसभर राबवणारेही आपल्यात आहेत. कामाची वेळ ठरलेली असावी आणि मजुरी त्याच्या स्वतःच्या बँकखात्यात जमा व्हावी. मुलीला कामावर ठेवताना तेथे भरवशाची बाई आहे ना, हे पालकांनी स्वतः जाऊन पाहावे.

त्या माऊलीच्या प्रश्नाचे पुरे उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण तिच्या माघारी ज्या मुलाला बाजारपेठ नावाने ओळखते, तो अगदीच एकटा पडणार नाही. आपले दुकान, रोपवाटिका, दूध संकलन केंद्र किंवा पिठाची गिरणी असेल, तर आपल्या कामातला एखादा छोटा तुकडा वेगळा काढता येतो का, एवढे या आठवड्यात पाहावे.