कामोठ्याहून हाँगकाँग

मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशनातून हार्बरची लोकल पकडणाऱ्या कामोठेकरांच्या शेजारी आता विमानतळ आला आहे. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला.

हाँगकाँगला मात्र मुंबईहून रात्रीचं थेट विमान सोयीचं. प्रवास साधारण सहा तासांचा, घड्याळ अडीच तास पुढे. तिथला विमानतळही भराव घालूनच उभारलेला, 1998 सालचा. चार दिवसांसाठी निघालेल्या जोडप्याने पहिली संध्याकाळ मॉलमध्ये घालवू नये, सरळ चिम शा चुईचा धक्का गाठावा. तिथून व्हिक्टोरिया बंदर ओलांडणारी स्टार फेरी दहाएक मिनिटांत पलीकडे सोडते. हिरव्या-पांढऱ्या बोटी, लाकडी बाकं, तिकीट अगदी किरकोळ. भाऊच्या धक्क्याची सवय असलेल्यांना परकं वाटायचं कारण नाही. शिवाय या फेरीची कंपनी 1888 मध्ये काढली ती दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने! डोंगरावर चढणारी पीक ट्रामही त्याच वर्षीची.

भारतीयांनी निघण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करायची असते. ती मोफत आहे. त्यावर एका खेपेस 14 दिवस राहता येतं.