म्हाताऱ्या वायुविहिरींचा पाणीप्रश्न

मराठवाड्यात बोअर घेताना केसिंग पाइप बहुधा वरच्या माती-मुरुमापुरताच घातला जातो आणि खालच्या काळ्या पाषाणातले भोक तसेच उघडे सोडले जाते, कारण हा खडक सहसा ढासळत नाही आणि पाणी त्याच्या भेगांतूनच यायचे असते. नैसर्गिक वायूच्या विहिरीत ही मोकळीक क्वचितच परवडते. तेथे पोलादी केसिंगभोवती सिमेंट भरून हव्या त्या थरासमोरच स्फोटकांनी छिद्रे पाडली जातात आणि वायू वर आणण्यासाठी आत बारीक नळी, म्हणजे ट्यूबिंग, सोडली जाते. या सगळ्या जुळणीला कम्प्लिशन म्हणतात.

अरबी समुद्रात १९७६ साली सापडलेले आणि १९८८पासून वायू देणारे ओएनजीसीचे वसई क्षेत्र चुनखडीच्या थरांत आहे, आणि अशा जुन्या क्षेत्राची खरी डोकेदुखी वायूखालचे पाणी ही असते. तेलाला मागून रेटणारे पाणी उपकारक ठरते. वायूच्या बाबतीत मात्र तेच घात करते, कारण खडकाच्या रंध्रांत शिरताना ते वायूचे कण मागे अडकवते आणि हा अडकलेला वायू दाबाखाली असल्याने थोड्या जागेतही पुष्कळ माल कैद होतो. केवळ स्वतःच्या प्रसरणाने रिकाम्या होणाऱ्या साठ्यातून ८० ते ९० टक्के वायू निघू शकतो. पाण्याचा जोर असलेल्या साठ्यात हे प्रमाण बरेच खाली येते. त्यामुळे छिद्रे थराच्या वरच्या भागात ठेवणे आणि विहीर हावरेपणाने न ओढणे (ओढ वाढली की पाणी शंकूसारखे वर चढते) हा येथे संयमाचा नव्हे, हिशेबाचा भाग ठरतो. चुनखडीत आम्ल सोडून वाटा मोकळ्या करण्याचा उपायही याच कारणाने दुधारी असतो, कारण आम्ल पाण्याकडे जाणारी भेगही रुंद करू शकते.

दाब उतरला की वायूचा वेग मंदावतो आणि तो पाण्याचे थेंब वर वाहून नेईनासा होतो. तळाशी साचलेला पाण्याचा स्तंभ मग विहीर गुदमरवून टाकतो. थेंब वर वाहून नेण्यासाठी वायूला लागणारा किमान वेग टर्नर, हबर्ड आणि डकलर यांनी १९६९ साली मांडला. ट्यूबिंग अरुंद केली की तेवढाच वायू अधिक वेगाने वाहतो, आणि मुखाशी कॉम्प्रेसर बसवून दाब उतरवला की विहिरीचे आयुष्य लांबते. हेही पुरले नाही, तर जुने भोक खाली सिमेंटने बुजवून केसिंगला खिडकी पाडली जाते आणि तेथून थराच्या छताखाली आडवे नवे भोक घेतले जाते, ज्यामुळे समुद्रातला तोच मंच आणि वरची तीच विहीर पुन्हा कामाला येते.