नदी ओलांडून आलेला देव : श्रीमंगेशी

गोमंतकातील फोंडे तालुक्यात, पणजीहून सुमारे २१ किलोमीटरांवर, प्रियोळ गावाच्या हद्दीत श्रीमंगेशाचे देवालय आहे. माडा-पोफळींच्या गर्दीत उभा असलेला पांढराशुभ्र दीपस्तंभ आणि शेजारची संथ तळी पाहून यात्रेकरूस वाटते की, देव येथे अनादी काळापासून नांदत असावा. वस्तुतः हे त्याचे दुसरे घर होय. त्याचे मूळ स्थान जुवारी नदीच्या दक्षिण तीरावरील कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी.

साष्टी व बारदेश हे प्रांत १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेले. पुढे देवळे पाडण्याचे सत्र सुरू झाले आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. त्याच वर्षी वत्स व कौंडिण्य गोत्रांच्या सारस्वतांनी मंगेशाचे लिंग उचलून नदीपलीकडे नेले, अशी परंपरा आहे. आश्रय मिळाला तो अंत्रुज महालात, आणि हा महाल त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता. धर्मरक्षणाच्या कथा सांगताना ही गोष्ट सहसा गाळली जाते. ती गाळू नये. पुढे मराठ्यांचा अंमल आला. १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला, तो रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शब्दावरून. रामचंद्रबाबा शेणवी या नावाने प्रसिद्ध असलेले हे गृहस्थ शिंद्यांचे कारभारी होते. ग्वाल्हेरच्या घराण्याचा आणि या कोकणी देवाचा ऋणानुबंध असा जुना आहे. १७६३ मध्ये फोंडेही पोर्तुगिजांकडे गेले. परंतु एव्हाना त्यांच्या धर्मवेडाची धार बोथटली होती, आणि नव्या काबिजादीतील देवळे वाचली.

देवालयाच्या रचनेचे कोडे या इतिहासानेच उलगडते. कदंबकालीन गोव्यातील देवळे कशी असत, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी तांबडी सुर्ला येथे पाहावयास मिळते. आडरानात असल्यामुळे बचावलेले ते महादेवाचे देऊळ काळ्या दगडात घडविलेले, लहानखुरे आणि गंभीर आहे. मंगेशीस त्याचा मागमूस नाही. कुशस्थळीहून देव आला; देऊळ येऊ शकले नाही. अठराव्या शतकात पुन्हा वैभवाने बांधण्याची वेळ आली, तेव्हा गवंड्यांच्या हाती जांभा दगड व चुना होता आणि डोळ्यांपुढे विजापुरी घुमट, गोव्यातील चर्च व घाटावरच्या दीपमाळा होत्या. म्हणून गर्भगृहावर शिखराऐवजी अष्टकोनी बैठकीवर घुमट आला. भिंतींत कमानीच्या खिडक्या आल्या, सभामंडपात काचेची झुंबरे लोंबू लागली. सात मजली दीपस्तंभ तर गोमंतकीय देवळांची ओळखच ठरला. नंदी, तुळशीवृंदावन, नौबतखाना आणि यात्रेकरूंच्या मुक्कामाची अग्रशाळा यांनी प्राकार भरला. या मिश्रणास कोणी भेसळ म्हणेल. पण ज्यांनी देव पाडताना पाहिले, त्यांच्याच बांधणीतील कमान उचलून देवापुढे उभी करण्यात एक शांत आत्मविश्वास आहे. तळी मात्र या सर्वांहून जुनी मानतात.

मंगेश या नावाची कथा गोड आहे. द्यूतात पार्वतीकडून हरलेला शिव कैलास सोडून गोमंतकात आला. त्याच्या शोधात निघालेल्या पार्वतीपुढे तो वाघाच्या रूपाने उभा राहिला. भयाने तिच्या तोंडून ‘गिरीशा, माझे रक्षण कर’ अशा अर्थाचे संस्कृत शब्द अडखळत निघाले. त्यांतून ‘मांगिरीश’ व पुढे ‘मंगेश’ झाले. दुसऱ्या एका कथेत मूळकेश्वर नावाचा गुराखी येतो. त्याची गाय शिळेवर पान्हा सोडत असे, आणि तिच्यामुळे लिंग सापडले. त्या गुराख्यालाही देवळामागे स्थान आहे.

सकाळी षोडशोपचार पूजा व अभिषेक, मध्यान्ही महाआरती, रात्री पंचोपचार पूजा असा नित्यक्रम चालतो. सोमवारी सायंकाळच्या आरतीपूर्वी वाद्यांच्या गजरात पालखी निघते. माघातील जत्रा शुद्ध सप्तमीस सुरू होऊन पौर्णिमेपर्यंत चालते. तेव्हा रथ ओढावयास दूरदूरचे कुळावी येतात. बेळगाव, कारवार, मुंबई येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या घरांतही कुलदैवत विचारले असता मंगेशाचे नाव निघते.

देवस्थानाचा कारभार महाजनांकडे वंशपरंपरेने चालत आला आहे. ज्यांच्या गायन-वादनाने मंडप दुमदुमला, त्या कलावंत घराण्यांना मात्र त्या अधिकारात वाटा नव्हता. १९०० मध्ये याच गावी जन्मलेले मास्टर दीनानाथ देवाच्या सेवेशी निगडित घराण्यातले; गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले आणि तेच पुढे जगभर पोहोचले.

देवालयाचा जीर्णोद्धार १८९० मध्ये झाला, आणि १९७३ मध्ये घुमटावर सुवर्णकलश चढला. गोव्यातील कित्येक देवळांत अशा नूतनीकरणात जुने लाकडी खांब आणि चुन्याचे काम उतरवून सिमेंट आणि संगमरवर बसविण्यात आले आहे. पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांची आठवण हळहळून काढली जाते. भाविकांच्याच देणग्यांनी जे जुने काम उतरविले जाते, त्याची साधी नोंदही बहुधा राहत नाही.