कुलगुरू गेले, ‘नाही’ म्हणणारे कधी येणार?

मुंबई विद्यापीठाच्या १६० वर्षांत जे कधी झाले नव्हते ते मंगळवारी, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले. कुलपती म्हणून राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी डॉ. संजय देशमुख यांना कुलगुरूपदावरून दूर केले. पाच वर्षांची मुदत सव्वादोन वर्षांत संपली. कारण होता परीक्षांच्या निकालांचा गोंधळ. ज्यांच्या घरात त्या वर्षी टीवायचे, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे मूल होते, त्यांना तो तोंडपाठ आहे.

मीरा रोडच्या नया नगरमध्ये अशी घरे गल्लोगल्ली होती. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडून बरीच कुटुंबे इकडे आली. त्यांची पुढची पिढी तेव्हा महाविद्यालयात होती, आणि अनेक घरांत येणारी पदवी ही घरातली पहिलीच पदवी होती. अशा घरातल्या मुलीचा निकाल ‘रिझर्व्ह’, म्हणजे राखून ठेवलेला, राहिला तर मीरा रोडहून लोकल, सांताक्रूझला उतरून बस किंवा रिक्षा, कलिन्याच्या परीक्षा भवनात रांग आणि शेवटी ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर. तोवर बाहेरच्या विद्यापीठांतले पदव्युत्तर प्रवेश बंद झालेले. ज्याच्यापाशी पैसा आणि ओळख आहे, तो वर्ष वाया गेले तरी सावरतो. ज्या घरात लेकीचे लग्न की पुढचे शिक्षण हा प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो, तिथे दोन महिन्यांच्या उशिराने तो कायमचा निकाली निघू शकतो.

देशमुखांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्यांची कारकीर्द तसे सांगत नाही. ते जीवशास्त्राचे प्राध्यापक, आणि अभ्यासाचा विषय खारफुटी. नव्वदच्या दशकात चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात त्यांनी काम केले. खारफुटीच्या जनुकीय संपदेचे जतन कसे करावे यावर १९९४ मध्ये तिथून निघालेल्या प्रशिक्षण-पुस्तिकेच्या संपादकांत त्यांचे नाव आहे. मिठागरे आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या मीरा-भाईंदरला या विद्येचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात प्राध्यापक झाले आणि जुलै २०१५ मध्ये कुलगुरू.

ज्या निर्णयाने ते गेले, त्या संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या निर्णयामागचे कारणही खोटे नव्हते. मे २०१६ मध्ये भांडुप पोलिसांनी अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिका बाहेर नेऊन पुन्हा लिहून घेण्याचा धंदा उघडकीस आणला, आणि त्यात विद्यापीठाचेच कर्मचारी सापडले. कागदी गठ्ठे हाताळणारे हात कमी करायचे तर उत्तरपत्रिकेवर बारकोड लावावा, ती स्कॅन करावी आणि शिक्षकांनी ती संगणकावर तपासावी, हा विचार बरोबरच होता. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात ही पद्धत आधीपासून होती.

चूक झाली ती घाईत आणि आवाक्यात. एका विद्याशाखेपासून सुरुवात करून, अडचणी पाहून पुढे जाता आले असते. त्याऐवजी कला, वाणिज्य, विज्ञान, विधी अशा ४७७ परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका २०१७ च्या एकाच उन्हाळ्यात संगणकावर घेतल्या. या तपासणीचे कंत्राट ठरेपर्यंत परीक्षा सुरू झाल्या होत्या. मग जे व्हायचे तेच झाले. शिक्षकांना लॉगिन मिळेना, मुख्य उत्तरपत्रिका एकीकडे तर पुरवणी दुसरीकडे, काही गठ्ठे सापडेनात. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तेव्हा महाविद्यालयांतले तास बंद ठेवून शिक्षकांना तपासणीला बसवले. तरीही ती मुदत उलटली तेव्हा निम्म्याहून अधिक परीक्षांचे निकाल बाकी होते. शेवटचे निकाल लागायला सप्टेंबर उजाडला.

इथपर्यंत सगळे जाणतात. माझा प्रश्न पुढचा आहे. एवढा मोठा निर्णय होत असताना विद्यापीठात कोणीच कसे अडवले नाही?

उत्तर तारखांमध्ये आहे. देशमुख जुलै २०१५ मध्ये आले आणि ३१ ऑगस्ट २०१५ ला आधीच्या निवडून आलेल्या अधिसभेची, म्हणजे सिनेटची, मुदत संपली. विद्यापीठांचा नवा कायदा येतोय म्हणून निवडणुका थांबल्या. २०१६ चा हा कायदा लागू झाला तो १ मार्च २०१७ ला, आणि नव्या अधिसभेच्या निवडणुका देशमुख गेले तेव्हाही पूर्ण झालेल्या नव्हत्या. म्हणजे देशमुखांच्या जवळजवळ साऱ्या कारकिर्दीत निवडून आलेले शिक्षक, प्राचार्य आणि पदवीधर सभागृहात नव्हतेच. जी माणसे उभी राहून ‘साहेब, आमच्या कॉलेजात दोन संगणक चालतात, हे जमणार नाही’ म्हणाली असती, त्यांना बोलायला जागाच उरली नव्हती. अधिसभेत भांडणे होतात, वेळ जातो, राजकारण शिरते, हे खरे. पण दिंडोशी ते देवगड पसरलेल्या सातशेहून अधिक महाविद्यालयांची खरी अवस्था कुलगुरूंच्या दालनापर्यंत पोहोचते ती याच वाटेने. ती वाट दोन वर्षे बंद ठेवण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि २४ ऑक्टोबरच्या आदेशाने ती फिटत नाही.

देशमुख लवकर गेले, पण कुलगुरूची कारकीर्द लहान असणे ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये त्या पदावर आले आणि १८९३ च्या सप्टेंबरात वयाच्या ४३व्या वर्षी वारले. त्यांच्यानंतर आलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही दोनच वर्षे होते. तेव्हाचे कुलगुरू आपला व्यवसाय सांभाळून, मानाचे पद म्हणून हे काम करत आणि निर्णय सभागृहात होत. देशमुखांच्या काळात सगळा भार एका खुर्चीवर आला होता, आणि त्या खुर्चीसमोर बसून प्रश्न विचारणारे मात्र उरलेले नव्हते.

देशमुखांना काढले ते योग्यच झाले. लाखो मुलांचे वेळापत्रक ज्याच्या हाती असते, त्याला हलगर्जीची किंमत मोजावीच लागते. पण ज्या २०१६ च्या कायद्याने त्यांना घरी पाठवले, तोच कायदा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायला सांगतो. मुदत हुकली तर विद्यार्थ्याला काय मिळते? व्यवहारात काही नाही. हुकलेला प्रवेश परत मिळत नाही, शुल्क परत मिळत नाही. पुनर्मूल्यांकनाचे पैसेसुद्धा आधी त्यालाच भरावे लागतात.

देशमुखांना काढले तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे मुंबईचाही कारभार पाहत होते, आणि हिवाळी परीक्षा तोंडावर आल्या होत्या. नवा कुलगुरू नेमायला महिने लागणार होते. तोवर तीन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. अधिसभेच्या निवडणुका विनाविलंब पूर्ण करायच्या. परीक्षेतला कोणताही बदल आधी एका विद्याशाखेत वर्षभर चालवून पाहायचा. आणि ४५ दिवस उलटले की पुनर्मूल्यांकन व छायाप्रतीचे शुल्क आपोआप माफ करायचे. यातल्या एकाही गोष्टीसाठी असामान्य कुलगुरू लागत नाही. नया नगरमधल्या मुलीला विद्यापीठाच्या कुलगुरूंचे नाव माहीत नसले तरी चालेल; पंचेचाळिसाव्या दिवशी तिच्या हातात गुणपत्रिका असली पाहिजे.